साडेआठचा राग सहा वाजताच सुरू होतो

रात्रीचे साडेआठ. वहीत ५२ वजा ३७. मुलानं उत्तर लिहिलंय २५. "नीट बघ जरा," आपण म्हणतो. तो खोडतो आणि पुन्हा २५ लिहितो. "अरे, हातचा घे ना!" तिसऱ्यांदाही २५ आलं की आवाज चढतो, वही ओढली जाते, खोडरबर जमिनीवर जातं, एखाद्या घरी धपाटाही बसतो. नऊ वाजता पोर हुंदके देत जेवतं आणि आई किंवा बाबा ताटावर गप्प बसलेले असतात.

रागावर ताबा मिळवायचा म्हणून अनेक जण वर्षानुवर्षं धडपडतात. त्यांना मी याच एका प्रसंगापासून सुरुवात करायला सांगेन, कारण हा राग वेळ पाळतो. तीच खोली, तोच तास, बहुतेकदा तोच विषय. जो राग ठरल्या वेळी येतो त्याची तयारी आधी करता येते. रस्त्यावर कुणी आडवा आला तर तयारीला वाव नसतो, इथे रोज असतो.

"राग आला की दहापर्यंत आकडे मोजा" हा सल्ला सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो फारसा लागू पडत नाही, कारण आकडे मोजायचं सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. राग चढतो तेव्हा अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं, हृदयाचे ठोके वाढतात, जबडा आवळला जातो, हातांच्या स्नायूंना ताण येतो. ते अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत ओसरू लागतं, पण शरीर पूर्ण निवायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मधल्या काळात दुसरा धक्का बसला तर तो आधीच्या उरलेल्या ताणावर चढतो. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं, की एका कारणानं चेतवलेलं शरीर दुसऱ्याच कारणावर जास्त जोरात भडकतं, आणि त्या माणसाला मात्र वाटतं की सगळा राग समोरच्या गोष्टीचाच आहे. सहाला साहेबांचा मेसेज, सातच्या लोकलमधली धक्काबुक्की, जिना, दारात दुधाचं बिल. साडेआठला वहीवर जो राग निघतो त्यात वजाबाकीचा वाटा थोडासाच असतो.

म्हणून पहिलं काम दाराशी करायचं. घरात शिरणं आणि अभ्यासाला बसणं यांत किमान २० ते ३० मिनिटं मोकळी ठेवा. हातपाय धुवा, कपडे बदला, पाणी प्या, काहीतरी खा. पोळीचा लाडू किंवा मूठभर दाणे-चणेही चालतील. मुलानंही तेव्हाच खावं. उपाशी मूल आणि उपाशी पालक यांनी एकत्र गणित करू नये. या अर्ध्या तासात फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. बहुतेकांचं इथेच चुकतं. विश्रांती म्हणून फोन घेतला जातो, त्यात ऑफिसचा ग्रुप उघडतो आणि उतरू लागलेला ताण पुन्हा चढतो. घरात माणसं जास्त असतील तर सगळ्यांना एकदाच सांगून ठेवा, "मला आल्यावर वीस मिनिटं द्या, मग बोलू." रोज नव्यानं तोंड वाकडं करण्यापेक्षा हे बरं.

नोकरी करून आलेली बाई पर्स ठेवते ती थेट ओट्यापाशी जाते आणि कुकरची शिट्टी मोजत मोजत पाढे म्हणून घेते. तिला ही वीस मिनिटं मिळतच नाहीत. त्या घरात रागाचा उपाय श्वासात शोधण्याआधी कामाच्या वाटणीत शोधावा लागतो. एक नियम पाळता आला तरी फरक पडतो: जो स्वयंपाक करतो त्यानं त्या वेळी अभ्यास घ्यायचा नाही. फोडणी आणि हातचा, दोन्हींना पूर्ण लक्ष लागतं. कुणालाच वेळ नसेल तर अभ्यास सकाळी २० मिनिटं घ्या किंवा दिवसाआड घ्या.

अभ्यास किती वेळ घ्यायचा यालाही माप आहे. २०२०च्या केंद्राच्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवी दिवसाला फार तर १ तास, नववीपासून २ तास. म्हणजे तिसरीतल्या मुलाचे आठवड्याचे २ तास पाच दिवसांत वाटले तर रोजची २४ मिनिटं होतात. आपण त्याला दीड तास बसवतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्याचं डोकं चालेनासं झालं की त्याला आळशी म्हणतो. २५ मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की उदाहरण अर्धं असलं तरी थांबायचं. सुरुवातीला हे जड जातं, पण थांबण्याची वेळ ठरलेली असली की मूल टंगळमंगळ कमी करतं आणि आपल्यालाही शेवट दिसत असतो.

आता डोक्यातल्या वाक्यांकडे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचं मुख्य म्हणणं असं, की घटना आणि राग यांच्या मध्ये एक वाक्य असतं आणि त्या वाक्यात बहुधा 'च' असतो. "हे त्याला यायलाच पाहिजे." "माझं ऐकलंच पाहिजे." मराठीत हा 'च' कानाला लगेच कळतो, म्हणून पकडायलाही सोपा. अभ्यासाच्या वेळी तीन वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. पहिलं, "मुद्दाम करतोय." दुसरं, "इतक्या वेळा सांगितलं, आता यायलाच हवं." तिसरं सगळ्यात जोरकस आणि बहुतेकदा न बोललेलं: "याचं पुढे काय होणार?" तिसऱ्या वाक्यात राग नसतो, भीती असते. आठ वर्षांच्या पोराच्या एका वजाबाकीवरून दहावी, नोकरी, सगळं डोळ्यांपुढे येतं, आणि भीती दाखवणं आपल्याला अवघड जातं म्हणून ती रागाच्या वेषात बाहेर पडते.

या वाक्यांना उत्तर आधी, शांतपणी, कागदावर लिहून ठेवावं लागतं. साडेआठला ते सुचणार नाही. "त्याला आलं तर मला आवडेल. आज येत नाहीये. का येत नाहीये ते बघू." इतकं पुरे. पाटीवर किंवा टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवा. काही जण जुन्या 'च'च्या जागी नवा 'च' आणतात: "मला राग यायलाच नको." मग राग आल्याचा आणखी एक राग येतो. राग येणारच आहे. आवाज, हात आणि शब्द आपल्या हातात राहावेत, एवढंच मागायचं.

"का येत नाहीये ते बघू" हे वाक्य मला सगळ्यात कामाचं वाटतं, त्यामुळे त्यावर जरा थांबतो. मुलांच्या चुका क्वचितच वेड्यावाकड्या असतात. २५ हे उत्तर कुठून आलं? एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्यानं ७ मधून २ काढले: ५. दशकात ५ मधून ३: २. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, हा त्याचा नियम आहे आणि तो तो चोख पाळतोय. "नीट बघ" म्हटल्यावर तो नीटच बघतो आणि पुन्हा २५ येतं. त्याला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या, आणि ३७ काढून दे म्हणा. एक गठ्ठा सोडल्याशिवाय सात सुट्या काड्या मिळत नाहीत हे त्याच्या हातांना कळतं. हातचा नावाचा मंत्र तेव्हा कुठे अर्थाचा होतो.

दुसरी चूक खास आपल्या भाषेची. 'त्रेपन्न' ऐकून मूल ३५ लिहितं. 'त्रे' आधी ऐकू आलं म्हणून ३ आधी. मराठीत संख्यांच्या नावात एकक पुढे आणि दशक मागे असतं, लिहिताना उलट. त्यात ४९ म्हणजे एकोणपन्नास, म्हणजे नावात पन्नास आणि लिहायचे चार. ५९, ६९, ७९, ८९ तसेच, आणि ९९ला एकदम नव्याण्णव. बालभारतीनं २०१९मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचायची पद्धत आणली ती याच अडचणीपायी, आणि त्यावरून मोठा वाद झाला. वादाचं काहीही असो, अडचण खरी आहे. घरी "पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न" असं दोन्ही म्हणत गेलात तर चूक झपाट्यानं कमी होते. पहिली-दुसरीत इंग्रजी बी आणि डी उलटसुलट लिहिणंही या वयात सर्रास होतं.

चुकीमागचं कारण सापडलं की राग अर्ध्यावर येतो, कारण "मुद्दाम करतोय" हे वाक्य टिकत नाही. म्हणून तिसऱ्यांदा तेच समजावण्याऐवजी एक प्रश्न विचारा: "तू हे कसं केलंस ते मला सांग ना." आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. एक धोका आहे. हाच प्रश्न दात आवळून विचारला तर मुलाला ती उलटतपासणी वाटते आणि ते रडायला लागतं. आवाज साधा नसेल तर प्रश्न नंतर विचारा.

आवाज साधा आहे की नाही हे कळण्यासाठी स्वतःच्या खुणा ठाऊक हव्यात. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. शून्य म्हणजे रविवारची दुपार, दहा म्हणजे हात उगारलेला. बहुतेकांना स्वतःचा राग सात-आठवर पोहोचल्यावरच दिसतो. कामाचं सगळं चार-पाचवर करायचं असतं, म्हणून चार-पाचच्या खुणा शोधा. कुणाचे कान तापतात, कुणाचा पाय हलू लागतो, कुणी मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घेतं, कुणी लाडाचं नाव सोडून पूर्ण नावानं हाक मारतं. सगळ्यांना लागू पडणारी एक खूण आहे: तेच वाक्य तुम्ही तिसऱ्यांदा म्हणताय. तिसरी वेळ आली की थांबायचं, मग राग जाणवो किंवा न जाणवो.

खुणा शोधायला दोन आठवडे एक वही ठेवा. रोज चारच नोंदी: किती वाजता, पट्टीवर किती, त्याआधी तीन तासांत काय झालं, डोक्यात कुठलं वाक्य होतं. रात्री झोपण्यापूर्वी लिहा, दोन मिनिटांत होतं. "मी वाईट आई आहे" असलं काही त्यात लिहायचं नाही, नाहीतर चौथ्या दिवशी वही बंद पडते. दहा-बारा नोंदी झाल्या की एखादी ठरावीक जागा दिसते: गुरुवार, किंवा कमी झोपेच्या रात्रीनंतरचा दिवस, किंवा शाळेच्या ग्रुपवर इतर मुलांचे मार्क आलेली संध्याकाळ.

थांबायचं म्हणजे उठायचं. आणि उठण्याचे शब्द आधी, शांत वेळी, मुलाला सांगून ठेवायचे. "मला चिडायला झालं की मी 'विराम' म्हणेन आणि गॅलरीत जाईन. वीस मिनिटांनी येईन. तू तोवर चित्र काढ." न सांगता ताडकन उठून गेलात तर मुलाला वाटतं, मला टाकून गेले, आणि ते मागे मागे येतं. ठरलेल्या वेळेला परत येणं जाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. परत आला नाहीत तर 'विराम' म्हणजे अभ्यासातून सुटका, असं दोघंही शिकतात. लहान मूल एकटं ठेवता येत नसेल तर त्याच खोलीत राहा, फक्त वही बंद करा आणि पाठ वळवून पाण्याचा ग्लास भरा.

वीस मिनिटं का? मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोंच्या भांडणांचा नाडीचे ठोके मोजत अभ्यास केला. ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की माणसाला समोरच्याचं म्हणणं नीट ऐकूच येत नाही, असं त्यांचं निरीक्षण. त्यानंतर किमान २० मिनिटांची विश्रांती घ्या असं ते सांगतात. अर्थात त्या वीस मिनिटांत भांडणच मनात घोळवलं तर काही उपयोग नाही.

गॅलरीत काय करायचं? चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. पाच मिनिटांत तीस होतात. श्वास सोडताना हृदय किंचित मंदावतं, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. छाती फुगवून खोल खोल ओढू नका, चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. श्वास हळू हवा, मोठा नको. आणि मुलासमोर जोरात फुत्कारे टाकू नका, त्याला ती धमकीच वाटते. दिवसात एकदा, राग नसताना, पाच मिनिटं सराव केलेला असेल तरच ऐन वेळी हे जमतं. पोहणं बुडताना शिकत नाहीत, तसंच.

राग बाहेर काढावा, उशी बडवावी, मोकळं ओरडून घ्यावं, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारलेले लोक जास्त चिडलेले निघाले. नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. २०२४मध्ये त्यांनी आणि सोफी कयारविक यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांहून अधिक माणसांचे. शरीराची उत्तेजना खाली आणणारे उपाय, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, यांनी राग कमी झाला. उत्तेजना वाढवणाऱ्या उपायांनी एकूणात तो कमी झाला नाही. व्यायाम जरूर करा, तब्येतीला हवाच, पण चिडलेले असताना धावून राग उतरेल यावर भिस्त ठेवू नका.

राग गिळणं हाही उपाय नव्हे. आठवडाभर गप्प बसून शनिवारी सगळं एकदम निघतं. चार-पाचवर असताना एका वाक्यात सांगून टाका: "मी आत्ता थकलोय आणि मला चिडचिड होतेय. तुझ्यामुळे नाही." मुलं तोंडावरून सगळं ओळखतात. नाव दिलं नाही तर ती कारण स्वतःत शोधतात.

काही वेळा रागाचं मूळ शरीरात असतं. पूर्वी शांत असलेला माणूस काही महिन्यांत तापट झाला तर थायरॉइड, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, जुनी वेदना, बाळंतपणानंतरचा किंवा पाळी जाण्याच्या वयातला बदल, स्टेरॉइड किंवा फिट्सवरचं एखादं औषध, हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. पुरुषांमध्ये नैराश्य अनेकदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे आजोबा जेवणाआधी अचानक भडकले, घामाघूम झाले, तर वाद घालू नका, साखर तपासा. ७०च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्र नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काही न देता दवाखाना गाठा.

आणि मूल खरोखर मनापासून बसूनही वर्षभर वाचन किंवा गणितात अडकत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. अशा मुलावर पाचवीपर्यंत ओरडत राहणं हा त्याच्यावर फार मोठा अन्याय आहे.

मारण्याबद्दल मला आडवळणानं बोलायचं नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) सतराव्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. शिक्षकाला जे करता येत नाही ते घरी प्रेमाच्या नावाखाली चालतं. धपाट्यानं मूल गप्प होतं, शिकत नाही. घाबरलेल्या मुलाला येत असलेलं उत्तरही आठवत नाही, आणि मग त्याच न आठवण्यावर दुसरा धपाटा पडतो. हात उगारला जातो आणि थांबवता येत नाही असं आठवड्यातून एकदाही होत असेल, किंवा घरात कुणी तुम्हाला घाबरतंय असं जाणवत असेल, तर वही-श्वासावर न थांबता समुपदेशकाकडे जा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. मुलांसाठी १०९८ आहे.

एवढं करूनही काही संध्याकाळी तोल जाईलच. तेव्हा त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, मुलाच्या शेजारी बसून माफी मागायची. "मी ओरडलो. ते चुकलं. तू घाबरलास ना? पुढच्या वेळी मी विराम घेईन." या वाक्यांत 'पण' येऊ देऊ नका. "पण तूही नीट लक्ष दे ना" म्हटलं की माफी संपली आणि तक्रार सुरू झाली. खाऊ किंवा खेळणं देऊन भरपाई करू नका. आणि मुलानं लगेच हसावं, मिठी मारावी, ही अपेक्षा ठेवू नका. त्याला तोंड फिरवून झोपायचं असेल तर झोपू द्या.

राहिलेला गृहपाठ राहू द्या. शाळेच्या डायरीत चार ओळी लिहा: 'आज २५ मिनिटं अभ्यास केला. चार उदाहरणं झाली. हातच्याची वजाबाकी अजून समजलेली नाही, मोठ्या अंकातून लहान वजा करतो आहे. कृपया एकदा काड्या घेऊन समजावावी.' सही करा, दप्तरात टाका, आणि दिवा घालवा.